शेरा

विभागप्रमुखपद फिरत फिरत माझ्याकडे आलं
तेव्हा सोबत आल्या
पाठीवर टॉवेल टाकलेली एक खुर्ची,
कपाटाच्या तीन किल्ल्या (त्यातली एक कशाची, कुणालाच ठाऊक नाही)
आणि सराव पाठांच्या निरीक्षण वह्या, चौऱ्याऐंशी.

क्षेमकल्याणी सर जाताना म्हणाले होते,
शाळांशी गोड बोलायचं, सही घ्यायची, निघायचं.
आपण विद्यापीठाचे.

गांगुर्डेबाई दर वर्षी सातपूरहून
सीबीएसला रिक्षा बदलून गंगापूर रोडला यायच्या,
आमच्या छात्रशिक्षकांचा हजेरीपट पोचवायला.
बाहेरच्या बाकावर बसायच्या, पिशवी मांडीवर.
चहा आत जायचा.
अकरा वर्षं आमची पोरं त्यांच्या वर्गात
उभी राहायला शिकली,
आणि आमच्या कार्यालयात त्यांचं आडनाव
तीन तऱ्हांनी लिहिलेलं.

हे तरी कुठे दिसलं असतं मला,
हिरामण भोयेचा पाठ नसता तर.

हिरामण पेठकडचा. इयत्ता पाचवी, अपूर्णांक.
टाचण असं की चौकटीबाहेर काना नाही.
पुठ्ठ्याची भाकरी, चार तुकडे, मागे चुंबक.
सहाव्या मिनिटाला चुंबक सुटला,
पंख्याच्या वाऱ्यानं पाव भाकरी दारापर्यंत गेली
आणि वर्ग खिदळत सुटला.
हिरामण फळ्याकडे तोंड करून उभा.
मी वहीत लिहिलं: वर्गनियंत्रण, दहापैकी तीन.

मागच्या बाकावरून बाई उठल्या.
फळ्यापाशी गेल्या नाहीत.
दारातला तुकडा उचलून एका मुलीपुढे ठेवला,
'सरांची भाकरी पळाली गं.
किती उरली, सांग बरं त्यांना.'
आणि परत माझ्या शेजारी.

मुलगी म्हणाली, तीन.
खिडकीतला पोरगा म्हणाला, हट्, पाऊण.
भांडण जुंपलं.
हिरामण वळला. 'पाऊण कशी? ये, दाखव.'
घाईत त्याच्या तोंडून घरची बोली निसटली,
आणि तिसऱ्या रांगेतली, कधीच न बोलणारी दोघं
त्याच बोलीत बोलायला लागली.

मी तीन खोडून आठ करायला गेले.
बाई हळूच म्हणाल्या,
'राहू द्या मॅडम. आधी त्याला विचारा, किती द्यायचे.'

पुढची बैठक मी सातपूरला ठेवली.
प्राध्यापक मंडळी पाचवीच्या बाकांवर,
तांबोळी सरांचे गुडघे हनुवटीला लागलेले.
खिचडीचा वास. भिंतीपल्याड कारखान्याचा भोंगा.
बाई म्हणाल्या, 'फळालेखनाला दहा गुण.
पोराचं नाव ठाऊक असण्याला किती?'
तांबोळी सर म्हणाले, नमुना वरून येतो,
आपल्या हातात नाही.
खरंच होतं ते.
मधली सुट्टी संपली तरी आम्ही भांडत होतो.
शाहीन नावाची छात्राध्यापिका, इतिवृत्त लिहायला बसवलेली,
मान वर न करता म्हणाली,
समास तर आपल्या हातात आहे ना, सर?

मग समासात रकाना आखला, पेन्सिलीनं,
चौऱ्याऐंशी वह्यांमध्ये:
शाळेतल्या शिक्षकाचा शेरा.
हिरामणनं पट्टी धरली, तांबोळी सरांनी रेघ ओढली.
निम्म्या वाकड्या आल्या.
मंजुरीचं पत्र अजून वरच आहे.
टॉवेल मी धुवायला टाकला,
खुर्ची मात्र सवयीनं अजून कुणी ओढत नाही.

पहिला शेरा बाईंनी माझ्यावरच लिहिला.
मीच मागितला होता; तरी वाचताना कान तापले.
'मॅडम फार लवकर लिहितात.'
खाली तारीख, सही,
आणि आडनाव सावकाश, अक्षर अक्षर,
रफार ठळक.